जॉर्ज इन, सदर्क: पब की गाडीतळ?

माडीवरचा

मंडळी, 'लंडनला चार दिवस, काय बघावं' या धाग्यावर सदर्कच्या, म्हणजे थेम्सच्या दक्षिणेकडच्या लंडनमधल्या, जॉर्ज इन या जुन्या सराईचं नाव आलं आणि पाठोपाठ "शेक्सपिअर इथेच प्यायला बसायचा" हेही आलं. तिथे उत्तर देत बसलो असतो तर बिचाऱ्या धागाकर्त्याचं पासाचं आणि हॉटेलचं बाजूलाच राहिलं असतं. म्हणून हा वेगळा धागा.

शेक्सपिअरचा निकाल आधी लावू. तो वारला १६१६ साली. आज उभी असलेली इमारत १६७७ ची. १६७६ च्या मे महिन्यात सदर्कला मोठी आग लागली, पाचएकशे घरं गेली, त्यात जुना जॉर्जही गेला. त्याच जागेवर आधीपासून सराई होती हे खरं. सोळाव्या शतकातल्या नकाशात ती दाखवलेली आहे, आणि ग्लोब थिएटरही तिथून फार लांब नव्हतं. तेव्हा तो आलाही असेल. पण आज आपण ज्या भिंतींना हात लावतो, त्या त्याच्यामागे साठ वर्षांनी उभ्या राहिल्या.

आता मूळ मुद्दा. जॉर्जला सगळे 'लंडनचा सुंदर जुना पब' म्हणतात. फोटोही झकास येतात: फरसबंद अंगण, वर एकावर एक दोन लाकडी सज्जे, पांढरा रंग, कठड्याला टांगलेल्या फुलांच्या कुंड्या. माझं म्हणणं असं की ही इमारत पब म्हणून बांधलेलीच नाही. हा गाडीतळ आहे. त्यात दारू मिळायची, जेवण मिळायचं, झोपायला खोली मिळायची, पण इमारतीचा प्रत्येक निर्णय घोडागाडी डोळ्यांसमोर ठेवून घेतलाय. हे एकदा लक्षात आलं की तिचा नकाशा आपोआप उलगडतो.

जागा बघा. लंडन ब्रिजचं दक्षिण टोक. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल सुरू होईपर्यंत दक्षिणेकडून थेट शहरात शिरायला हा एकच पूल होता. केंटकडून, डोव्हरकडून, ससेक्सकडून येणारा जो तो बरो हाय स्ट्रीटवरूनच यायचा. जुन्या काळी पुलाचे दरवाजे रात्री बंद व्हायचे, म्हणजे उशिरा आलेला माणूस अलीकडेच अडकला. त्यामुळे त्या एका रस्त्यावर सरायांची रांगच लागली होती. टॅबर्ड, व्हाइट हार्ट, क्वीन्स हेड, किंग्ज हेड, आणि त्यांच्यात जॉर्ज. कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू कँटरबरीला निघाले ते टॅबर्डमधून. ती जॉर्जच्या अगदी शेजारची.

प्रत्येकाला हाय स्ट्रीटवर तोंड हवं. त्यामुळे रस्त्यावर रुंदी कमी आणि प्लॉट मागे लांबच लांब गेलेला. तोंडाशी एक बोळ, गाडी जेमतेम जाईल एवढा. आत गेलं की अंगण, आणि अंगणाभोवती खोल्या. त्यामागे तबेले, चारा, सामानाच्या कोठ्या. आजही बरो हाय स्ट्रीटच्या पूर्वेकडच्या फुटपाथने चाललात तर टॅल्बट यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, किंग्ज हेड यार्ड अशा पाट्या एकामागून एक लागतात. बोळ आहेत, नावं आहेत, सराया गेल्या. फक्त जॉर्जच्या बोळात शिरलं की खरोखर काहीतरी समोर येतं.

आणि जे समोर येतं ते अर्धवट आहे, हे बहुतेकांना कळतच नाही. तुम्हाला दिसते ती दक्षिणेकडची ओळ. अंगणाच्या बाकीच्या बाजूही अशाच सज्जांच्या होत्या. मग रेल्वे आली. लंडनच्या पहिल्या रेल्वेमार्गाचं शहराकडचं शेवटचं स्थानक, लंडन ब्रिज, १८३६ मध्ये अगदी पाठीमागे उघडलं. पुढच्या काही वर्षांत लांब पल्ल्याच्या घोडागाड्यांचा धंदा बसला. १८७० च्या दशकात जागा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या ताब्यात गेली, तिथे मालाचा डेपो झाला, आणि १८८९ मध्ये गोदामासाठी बाकीच्या बाजू पाडल्या. त्याच साली शेजारचा व्हाइट हार्टही गेला. टॅबर्ड त्याच्या आधीच पडला होता. उरलेली ओळ १९३७ मध्ये रेल्वेनेच नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. ज्या रेल्वेने मारलं तिनेच थोडंसं राखलंही, काय म्हणायचं याला!

आतली रचनाही तीच गोष्ट सांगते. तळमजल्यावर एकात एक उघडणाऱ्या खोल्या. आज जिला पार्लमेंट बार म्हणतात ती पूर्वी गाडीची वाट बघणाऱ्यांची खोली होती. मधली खोली कॉफी रूम. वर सज्जातून दारं उघडतात त्या झोपायच्या खोल्या, तिथे आता जेवायला बसवतात. म्हणजे प्रतीक्षालय, उपाहारगृह, विश्रामगृह. यातलं कुठलंही नाव वाचून तुम्हाला पब आठवतो का?

चर्चा होऊ द्या.

चहाबाज

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. फोटो बघून पहिल्यांदा मनात आलं ते आपल्या वाड्याचंच: मधे चौक, भोवती सोपे, वर सज्जा. फक्त एक कळलं नाही. आपल्याकडे उन्हापावसात उघडा सज्जा ठीक आहे. इंग्लंडसारख्या गारठ्याच्या देशात खोलीतून बाहेर पडायला उघड्यावर यायचं हा कुठला शहाणपणा? आतून बोळ का नाही काढला?

माडीवरचा

@चहाबाज, हाच प्रश्न विचारायला हवा होता. प्लॉट अरुंद, त्यात मधलं अंगण गाडी वळेल एवढं तरी हवंच. मग दोन्ही बाजूंना उरते ती जेमतेम एका खोलीची जाडी. तिच्यातून आतला बोळ काढला तर खोली उरते बिछान्याएवढी, आणि बोळात दिवसाही अंधार. दिवा म्हणजे मेणबत्ती, म्हणजे लाकडी इमारतीत आगीला आमंत्रण. सज्जा बाहेर काढला की खोलीची पूर्ण रुंदी राहते आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार मिळतं. अनोळखी माणसाच्या खोलीतून वाट काढत आपल्या खोलीत जावं लागत नाही. शिवाय नोकराला अंगणातून हाक मारता येते आणि कुठली गाडी आली ते वरूनच दिसतं. थंडी वाजायची, पण ती सगळ्यांनाच वाजायची.

वाड्याबद्दल मात्र जरा असहमत. वाड्याचा चौक हा घराचा पोटातला भाग, बाहेरच्याने तिथपर्यंत यायचं की नाही हे घर ठरवणार. इथलं अंगण म्हणजे रस्ताच आत घेतलेला. दिसतं सारखं, वागणं उलट.

खट्याळ काका

एवढं सगळं लिहिलंत आणि बिअर कशी होती ते नाही. धागा अपूर्ण. संपादकांनी लक्ष घालावं.

सुतारपक्षी

माझा पिढीजात धंदा लाकडाचा, त्यामुळे मी जॉर्जला गेलो तेव्हा बायको-मुलं खुर्च्यांवर आणि मी मान वर करून, असा फोटो घरी आहे.

तुमच्या गाडीतळाच्या मुद्द्याला एक पुरावा जोडतो. पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली, म्हणजे अंगणाच्या पातळीवर, खांब नाहीत. तुळया भिंतीतून बाहेर काढून त्यांच्या टोकांवर सज्जा पेललाय. वरचा दुसरा सज्जा मात्र सरळ खांबांवर आहे, आणि ते खांब खालच्या सज्जाच्या कडेवर उभे. म्हणजे वरचा सगळा भार खालच्या तुळयांच्या तोंडावर येतो. कुठलाही सुतार सांगेल की एवढ्या उपद्व्यापापेक्षा खालून चार खांब लावणं सोपं आणि स्वस्त. नाही लावले, कारण गाडीच्या आसाने पहिल्याच आठवड्यात ते उखडले असते. माझा तर्क आहे, पण त्या अंगणात उभं राहून दुसरा सुचत नाही.

कठड्याचे दांडे खरादावर कातलेले आहेत, पोट चांगलं भरलेलं, आखूड आणि दणकट. नंतरच्या काळात असले दांडे बारीक आणि नाजूक होत गेले. इथे हात ठेवला की जाडी जाणवते. आणि सज्जाची जमीन अंगणाकडे झुकलेली आहे. आत जेवायला बसलात तर टेबल एका बाजूला कललेलं वाटतं, ते प्यायल्यामुळे नव्हे हो काका.

सज्जे सगळ्या लांबीभर नाहीत हेही बघा. ओळीचा एक तुकडा सज्जांचा आणि पुढचा तुकडा सरळ भिंतीचा, उभ्या सरकत्या खिडक्यांचा. फोटोत लोक पहिलाच घेतात.

खट्याळ काका

@सुतारपक्षी, टेबल कललेलं असतं हे मी घरी वर्षानुवर्षं सांगतोय. कुणी ऐकत नाही.

कातरवेळ

नाटकवाल्यांच्या बाजूने एक प्रश्न. आमच्या अभ्यासात असं शिकवलं होतं की एलिझाबेथच्या काळात सरायांच्या अंगणात नाटकं व्हायची, लोक सज्जांत उभे राहून बघायचे, आणि त्यातूनच गोल थिएटरची कल्पना आली. मग शेक्सपिअर नाही तर नाही, पण जॉर्जसारख्या इमारतीत थिएटरचं बीज आहे असं म्हणता येईल ना?

माडीवरचा

@कातरवेळ, अर्धं म्हणता येईल. सरायांत नाटकं होत होती यात वाद नाही. पण ज्यांची नावं त्या बाबतीत येतात त्या बुल, बेल, क्रॉस कीज, बेल सॅव्हेज या सगळ्या नदीच्या उत्तरेकडच्या. जॉर्जचं नाव त्यांच्यात नाही. आणि १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने शोरडिचला 'द थिएटर' नावाचं खास नाट्यगृह उभं केलं तेव्हा सराईचं अंगण त्याच्यासमोर होतं, तसेच अस्वलांच्या झुंजींचे गोल आखाडेही होते. थिएटरचा गोल आकार चौकोनी अंगणातून येत नाही. सज्जे मात्र दोन्हीकडे सापडतात. अभ्यासक अजून भांडताहेत, आपण एकाच बाजूला जाऊन बसायला नको.

गंमत अशी की उलटं घडलंय. विसाव्या शतकात जॉर्जच्या अंगणात शेक्सपिअरची नाटकं झाली, कारण अंगण 'शेक्सपिअरसारखं' दिसतं.

रुक्मिणी_बी

मी ग्लॉस्टरजवळ राहते. चारही बाजूंनी सज्जे असलेलं अंगण अजून बघायचं असेल तर लंडन सोडा आणि इकडे या. आमच्याकडचं न्यू इन. नाव न्यू, वय पंधराव्या शतकाच्या मध्यातलं! सेंट पीटरच्या मठाने बांधलं, दुसऱ्या एडवर्ड राजाच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंची सोय म्हणून. ती समाधी म्हणजे आजच्या ग्लॉस्टर कॅथीड्रलमधली. लेडी जेन ग्रेला १५५३ मध्ये राणी म्हणून घोषित केलं ते याच सज्जातून, असं इथले लोक सांगतात.

एक निरीक्षण. जॉर्जला गेलं की आपण समोरून बघतो, नाटकाचा पडदा बघावा तसं, कारण बाकीच्या बाजूच नाहीत. न्यू इनमध्ये तुम्ही मधे उभे असता आणि इमारत तुमच्याकडे बघत असते. आवाज वेगळा लागतो, उजेड वरून विहिरीत पडावा तसा पडतो. जॉर्ज मूळचा कसा वाटत असेल ते मला ग्लॉस्टरला कळलं.

आणि माडीवरचा, तुमचा गाडीतळ इथे थोडा अडकतो बरं का. हे बांधलं तेव्हा प्रवासी घोडागाड्या कुठे होत्या? पायी आणि घोड्यावर येणारे यात्रेकरू. तरीही रचना तीच. म्हणजे सज्जांचा नकाशा गाडीने घडवला नाही, गाडीने तो आयता वापरला.

माडीवरचा

@रुक्मिणी_बी, मान डोलावतोय. खोल्यांची मांडणी धर्मशाळेची, आणि खालचा बोळ, अंगण, तबेले मालवाहू गाड्यांसाठी, असं म्हणू. १६७७ ला नवा जॉर्ज बांधताना लोकांनी जुनाच नकाशा पुन्हा गिरवला, कारण धंदा तोच होता. पण पब नव्हे हे तर तुमच्या न्यू इनने आणखी पक्कं केलं!

ओसरी

इथे मात्र माझं भांडण आहे. 'हा खरा पब नाही' असं म्हणताना खरा पब कुठला ते कुणी बोलायला तयार नाही. म्हणून मी बोलते.

ज्याला आपण आज पब म्हणतो, म्हणजे आत शिरलं की समोर लांब काउंटर, मागे बाटल्यांची आणि आरशांची भिंत, ती रचना एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी काउंटर जवळजवळ नव्हताच. तुम्ही खोलीत बसायचं, पोऱ्या तळघरातून पेय आणून द्यायचा. १८२५ मध्ये जिन या स्वस्त, कडक दारूवरचा कर उतरला आणि शहरांत जिन पॅलेस उभे राहिले: गॅसचे दिवे, मोठ्या काचा, सोनेरी अक्षरं, आणि उभ्याउभ्या पिऊन पुढे जाणारी गर्दी. तिच्यासाठी काउंटर. मग १८३० चा बिअरचा कायदा आला. दोन गिनी भरा आणि बिअर विका. गल्लोगल्ली बिअरची दुकानं झाली. पुढे परवाने आवळले, तेव्हा ज्यांच्याकडे परवाना त्यांनी इमारतीवर पैसा ओतला. १८९० च्या दशकात तर दारू कंपन्या वेड्यासारख्या पब विकत घेत होत्या. १८९९ ला तो फुगा फुटला.

त्या दशकातला पब बघायचा तर होबर्नचा प्रिन्सेस लुईझ. इमारत १८७२ ची, आतली सजावट १८९१ ची. कोरीव काचांच्या लाकडी पडद्यांनी काउंटरभोवती छोटे छोटे कप्पे केलेत, प्रत्येकाला वेगळी वाट. मजूर एका कप्प्यात, कारकून दुसऱ्यात, बायका तिसऱ्यात, आणि दारू देणारा मधे उभा राहून सगळ्यांना देणार. एकाच छताखाली, एकमेकांचं तोंड न बघता! मधल्या काळात ते पडदे काढून टाकले होते. २००७-०८ च्या दुरुस्तीत पुन्हा बसवले. भिंतींवर टाइल्स, आरसे, वर नक्षीचं छत. अगदी पुरुषांची मुतारीसुद्धा संरक्षित आहे.

ब्लूम्सबरीच्या द लँबमध्ये तर डोळ्यांच्या उंचीवर फिरत्या काचांच्या झडपा आहेत. झडप बंद केली की काउंटरपलीकडच्याला तुमचा चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि ग्लास दिसतो. मालकाने आपल्या कारकुनाला आणि कारकुनाने मालकाला न बघण्याची सोय! वर्गभेद एवढ्या सफाईने लाकडात बसवलेला दुसरीकडे दाखवा.

तेव्हा जॉर्जच्या सज्जांवर लट्टू व्हा, हरकत नाही. पण इंग्रज समाज वाचायचा असेल तर तो या कप्प्यांत आहे.

सुतारपक्षी

+१. आणि त्या झडपांचं काम बघण्यासारखं. खाली-वर छोट्या खिळीवर फिरतात, चौकट करंगळीएवढी, तरी शतक उलटून अजून फिरतात.

चहाबाज

@ओसरी, मुतारीवरून आठवलं. लिव्हरपूलचा फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स. १९०० च्या सुमाराला पूर्ण झाला, गुलाबी संगमरवरी मुताऱ्या. २०२० मध्ये त्या इमारतीला संरक्षित इमारतींतल्या पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला, म्हणजे जॉर्जच्याच पंगतीत. बायका पण आत जाऊन बघून येतात, आधी विचारून.

ओसरी

मी बघून आलेय. विचारून.

कातरवेळ

जॉर्जच्या पार्लमेंट बारमध्ये ते मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे ना? 'पार्लमेंटचं घड्याळ' का म्हणतात?

माडीवरचा

१७९७ मध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने घड्याळांवर कर बसवला. लोकांनी आपापली घड्याळं लपवली किंवा विकली, मग सरायांनी गिऱ्हाइकांसाठी भलीमोठी घड्याळं लावली, अशी कथा. कर पुढच्याच वर्षी रद्द झाला. आणि अशी घड्याळं त्याआधीपासून सरायांत टांगलेली असायचीच, कारण गाडी सुटायची वेळ कळायला हवी. नाव कराने दिलं, काम गाडीने. बघा, पुन्हा गाडीतळावर आलो.

खट्याळ काका

आम्ही धाग्यात आलो तेव्हा वाटलं पबवर चर्चा आहे. इथे घड्याळ, मुतारी, तुळई सगळं झालं. बिअर अजूनही नाही.

गोदाकाठ

उशिरा आलो. नाशिकला आमच्या गल्लीतला वाडा मागच्या वर्षी पडला, त्याच्या कोरीव चौकटी रद्दीच्या टेम्पोत गेल्या. म्हणून विचारतो, तिकडे अशी इमारत पाडली तर होतं काय? नुसता दंड?

ओसरी

@गोदाकाठ, एक प्रकरण सांगते. लंडनच्या मायडा व्हेल भागात कार्लटन टॅव्हर्न नावाचा पब होता, १९२०-२१ मध्ये बांधलेला. म्हणजे फार जुना नाहीच. त्याला संरक्षित यादीत घ्यायची हालचाल सुरू झाली होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये मालकाने परवानगी न घेता बुलडोझर लावला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने आदेश काढला: होता तसा, विटेला वीट लावून पुन्हा बांधा. अपील झालं, टिकलं नाही. यादीच्या कामासाठी आधीच इमारतीची बारीक नोंद झाली होती, त्याचा उपयोग झाला. २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. लोकांनी पाठपुरावा केला म्हणून हे झालं, हेही खरं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये हिमली गावचा क्रुकेड हाउस हा पब जळाला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त केला गेला. खाणकामामुळे जमीन खचून वाकडा झालेला, त्या वाकडेपणासाठीच प्रसिद्ध. तो यादीत नव्हता. तरी तिथल्या कौन्सिलने २०२४ मध्ये पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. आता वाकडी इमारत मुद्दाम वाकडी कशी बांधायची, हे सुतारपक्षींना विचारा.

सुतारपक्षी

सरळ बांधणारे मिळत नाहीत, वाकडी बांधणारे ढिगाने मिळतील.

गोदाकाठ

धन्यवाद ओसरीताई. नोंद आधीच झालेली होती हा भाग महत्त्वाचा दिसतो. आमच्या गल्लीत अजून तीन वाडे उभे आहेत. फोटो आणि मापं घ्यायची झाली तर सुरुवात कुठून करावी? सुतारपक्षी, व्यक्तिगत निरोप करतो.

सुतारपक्षी

करा. आधी दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटी, मग जिना, मग कडीपाट. प्रत्येक फोटोत मापपट्टी धरा, फ्लॅश नको, कोरीव कामावर उजेड बाजूने पडू द्या. आणि जमिनीचा नकाशा हातानेच काढा, वाकडातिकडा चालेल, आकडे बरोबर हवेत.

माडीवरचा

@खट्याळ काका, तुमच्यासाठी. बार्मेडने पंपाचा दांडा ओढून दिली, कोमट होती, फेस कमी, चव कडू. बिअरला कडूपणा देणारी हॉपची फुलं केंटमधून यायची ती याच रस्त्याने. १८६७ मध्ये जवळच हॉप एक्स्चेंज बांधलं, ती इमारतही अजून उभी आहे, लोखंडी सज्जांची. तिच्यावर वेगळा धागा काढतो.

खट्याळ काका

कोमट? मग राहू दे, मी सुतारपक्षींबरोबर वाडेच मोजतो.